कांटचा दुकानदार आणि रंगीत माशांचं दुकान



आजचा विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा मला फोन आला. म्हणाले, "सर, विषय लिहून घेताना माझी काही गफलत तर नाही ना झाली?" म्हटलं, नाही झाली. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस रंगीत माशांच्या दुकानांवर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. तेव्हा आधी कारण सांगतो.

मी डोंबिवलीत राहतो. आमच्या स्टेशनच्या रस्त्यावर अ‍ॅक्वेरियमचं एक दुकान होतं. चौदा वर्षं मी तिथला गिऱ्हाईक. निवृत्तीनंतर नातवाच्या हट्टापायी दोन फुटी काचेची टाकी घेतली, नातू यथावकाश क्रिकेटकडे वळला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. पुढे मलाच तिची गोडी लागली. गेल्या वर्षी ते दुकान बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान बंद होण्यात माझाही थोडा हात आहे, आणि तो कसा हे उमगायला मला कांटकडे परत जावं लागलं. म्हणून हा विषय. कांटकडे येतोच, पण आधी दुकानात जाऊ या.

ही दुकानं का बंद पडतात, असं कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं: "ऑनलाइनमुळे." खोटं नाही ते, अपुरं आहे. कारण घरपोच सामान मिळायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ही दुकानं उघडत होती आणि मिटत होती. आमच्याच गावात मी अशी चार-पाच पाहिली. एखादा हौशी तरुण वडिलांच्या गाळ्यात टाक्या मांडायचा, दिवाळीत गर्दी व्हायची, दोन पावसाळे गेले की पाटी उतरायची. किराण्याचं दुकान असं पटकन मिटत नाही, कापडाचंही नाही. मग याच धंद्यात असं काय आहे?

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. इथला माल जिवंत आहे.

साडीच्या दुकानातली साडी रात्री झोपते. शटर ओढलं, दिवा मालवला, खर्च थांबला. माशांच्या दुकानात शटर ओढल्यावरही हवेचा पंप चालू, फिल्टर चालू, थंडीत हीटर चालू. विजेचं मीटर रात्रभर फिरतं. आणि वीज गेली तर? २००५ नंतरची काही वर्षं आठवा. मुंबईत दिवे लखलखत होते आणि आम्ही बाहेरची मंडळी भारनियमनात तासन्‌तास बसत होतो. आम्ही घामाघूम व्हायचो एवढंच, पण टाकीतल्या पाण्यातला प्राणवायू उतरायला लागायचा. आमचे दुकानदार त्या दिवसांत बॅटरीवरचे छोटे पंप घेऊन टाकीटाकीतून फिरत असत. मे महिन्यातल्या एका रात्री सबंध टाकी पालथी झाली होती, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. सांगताना आवाज अगदी सपाट होता. मी पुढे काही विचारलं नाही.

मग पाणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. दुकानात अशा तीस टाक्या असतील तर झालं १,६८० लिटर. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं म्हटलं तरी ५६० लिटर, म्हणजे मोठ्या बादलीनं सदतीस-अडतीस बादल्या. नळाचं पाणी तसंच ओतता येत नाही, कारण त्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो चालतो, पण माशाचे कल्ले तो भाजून काढतो. म्हणून पाणी पिंपात भरून रात्रभर उघडं ठेवायचं, नाहीतर औषध घालायचं. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, त्या वेळी भरायचं. हे सगळं गिऱ्हाईक यायच्या आधी आटपलेलं असतं, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसते ती निळ्या उजेडात तरंगणारी शोभा.

आणि मासा येतो कुठून? मुंबईच्या आसपासच्या दुकानदारांना क्रॉफर्ड मार्केट माहीत, कुर्ल्याचा बाजार माहीत. पण तिथे तरी तो कुठून येतो? पुष्कळसा माल चेन्नईजवळच्या कोळत्तूर भागातून येतो. तिथे घराघरांतून आणि लहानमोठ्या हौदांतून रंगीत मासे पैदा करतात. दुसरं मोठं केंद्र पश्चिम बंगाल, हावडा आणि दक्षिण चोवीस परगणा. कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी हौशी लोकांचा बाजार भरतो, तिथेही मासे असतात. काही माल थायलंड, मलेशिया, सिंगापूरहून विमानानं येतो. मासा निघण्याआधी त्याला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे प्रवासात पाणी घाण होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि त्याच्या दुप्पट प्राणवायू, वर घट्ट रबर, मग थर्मोकोलची पेटी. गाडीतून, विमानातून, ट्रकमधून, टेम्पोतून. प्रत्येक मुक्कामी पाणी वेगळं आणि ऊबही वेगळी. तो आपल्या गल्लीत पोचतो तेव्हा दमलेला असतो, आणि दमलेल्या जिवाला रोग लवकर धरतो.

आता थोडा हिशेब करू. आकडे मी कल्पून घेतो, पण धंद्याची तऱ्हा कळायला पुरे आहेत. समजा, दुकानदारानं शंभर निऑन टेट्रा आणले. निऑन म्हणजे तो निळी-तांबडी रेघ असलेला बोटाच्या पेराएवढा मासा. पंधरा रुपयांना एक, म्हणजे दीड हजार रुपये. पहिल्या आठवड्यात वीस मेले. पुढच्या पंधरवड्यात आणखी दहा. उरले सत्तर. ते चाळीस रुपयांनी महिनाभरात सगळे विकले गेले असं धरू. २,८०० आले, वजा १,५००, उरले १,३००. गिऱ्हाइकाला काय दिसतं? "पंधराचा मासा चाळीसला विकतो, लुटारू!" असो. तीस टाक्यांतून प्रत्येकी १,३०० म्हणजे ३९,००० रुपये. स्टेशनजवळच्या गाळ्याचं भाडं २५,०००, वीज ६,०००, हाताखालच्या मुलाचा पगार १२,०००. बेरीज ४३,०००. म्हणजे सगळ्या टाक्या रिकाम्या होऊनसुद्धा चार हजारांची तूट, आणि मालकाच्या घरची चूल अजून पेटायचीच आहे.

ही तूट कशानं भरायची? फिल्टर, पंप, दिवे, खडी, खाद्याचे डबे यांनी. एक फिल्टर आठशेला आणला, बाराशेला विकला, चारशे सुटले. फिल्टर मरत नाही. त्याला खायला लागत नाही. दहा फिल्टर विकले की तूट भरली, अकराव्यापासून चूल पेटते. जुन्या दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं की मासा गिऱ्हाइकाला दारात आणतो आणि पैसा देतो तो फळीवरचा सुका माल. आणि घरपोच सामान देणाऱ्यांनी नेमका हाच सुका माल उचलला. मासे, पाणी, पिंप, रात्रीचं मीटर हे सगळं त्यांनी दुकानदाराकडेच ठेवलं. ऑनलाइनमुळे धंदा बसला, असं म्हणतात त्याचा खरा अर्थ हा आहे.

आता माझा वाटा सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी मोठी टाकी घेतली. काच तुम्ही कुरिअरनं मागवत नाही, ती स्थानिक कारागीरच सिलिकॉननं चिकटवून देतो. तर टाकी त्यांच्याकडूनच केली. पण तिला फिल्टर कुठला लावावा? मी दुकानात गेलो. त्यांनी मला पाऊण तास समजावलं. टाकीत किती लिटर पाणी, तासाला किती वेळा गाळलं गेलं पाहिजे, प्रवाह जोराचा झाला तर एंजलसारखा पसरट मासा कसा थकतो, आत स्पंज कसा धुवायचा. नळाच्या पाण्यात धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात. मी सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं. घरी आलो, मुलीनं फोनवर तोच फिल्टर सहाशे रुपयांनी स्वस्त काढून दाखवला आणि मी मागवला.

इतकंच असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. दोन महिन्यांनी तो फिल्टर गळायला लागला. आणि मी, तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, तो पिशवीत घालून त्याच दुकानात घेऊन गेलो. त्यांनी तो उघडला. आमच्याकडून नेलेला नाही हे त्यांना पाहताक्षणी कळलं असणार, कारण आपण काय विकलं ते दुकानदाराला आठवतं. काही बोलले नाहीत. आतली रबराची कडी बदलली, पाण्यात बुडवून पाहिली, म्हणाले, "झालं, सर. दहा रुपये द्या."

माझ्या हातून घडलं त्याला अर्थशास्त्रात नाव आहे. लेस्टर टेल्सर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६० साली हेच मांडलं होतं: एक दुकानदार माल दाखवायचा, समजावायचा खर्च करतो, गिऱ्हाईक ते सगळं फुकट घेतं आणि हा खर्च न करणाऱ्या दुसऱ्याकडून स्वस्तात विकत घेतं. तेव्हा मोबाइल फोनही नव्हता, म्हणजे माणसाची ही युक्ती जुनीच आहे. मग दुकानदारानं सल्ल्याचे वेगळे पैसे का घेऊ नयेत? इथे केनेथ अ‍ॅरोचं एक निरीक्षण आहे, १९६२ सालचं. ज्ञान विकायला ठेवलं की एक पेच पडतो. ते कळल्याशिवाय गिऱ्हाइकाला त्याची किंमत ठरवता येत नाही, आणि कळलं की ते त्याला फुकटच मिळालेलं असतं. वकील, डॉक्टर या पेचातून सुटले, कारण समाजानं त्यांच्या ज्ञानाभोवती पदवीची आणि फीची भिंत उभारली आहे. माशांच्या दुकानदाराला अशी भिंत नाही. "पाणी कधी बदललं होतं?" एवढं विचारून तो तुमच्या टाकीतला रोग ओळखतो, आणि तुम्ही वीस रुपयांच्या खाद्याची पुडी घेऊन बाहेर पडता.

पण ही झाली गिऱ्हाइकाची अनीती. त्यापेक्षा अवघड प्रश्न दुकानदाराच्या बाजूला आहे, आणि तो नीट कळायला टाकीतल्या पाण्यात काय घडतं ते पाहावं लागेल. थोडं रसायनशास्त्र सहन करा.

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. अमोनिया माशाला विष आहे. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. टाकीत जातो कुठे? टाकीत त्याला खाणारे जिवाणू लागतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. मग आपण आठवड्याला थोडं पाणी बदललं की निभावतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, खडीवर, काचेवर वस्ती करतात. म्हणूनच स्पंज नळाखाली धुवायचा नसतो, क्लोरीननं वस्ती मरते. पण नव्या टाकीत ही वस्ती नसतेच. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि ते माशाला मारतं. आपल्या डोळ्यांना स्वच्छ आणि गढूळ एवढंच कळतं. अमोनिया त्यांना दिसत नाही.

आता रविवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. आई, वडील, सहा वर्षांची मुलगी. मुलीचा वाढदिवस. टाकी घ्यायची, आणि अर्थातच मासे घ्यायचे. मुलीनं काचेला नाक लावून आधीच आठ मासे निवडलेत. दोन ऑस्कर, जे पुढे फूटभर होतील. एक फायटर. चार गोल्डफिश, ज्यांना थंड पाणी आवडतं. आणि तळाशी चिकटलेला तो सकर, "तो टाकी साफ करतो ना?" म्हणून.

दुकानदाराला सगळं दिसतंय. हे आठ एकत्र राहूच शकत नाहीत. उद्या यातला एक दुसऱ्याला खाईल. आणि नव्या पाण्यात पंधरवड्यात निम्मे मरतील. खरा सल्ला काय? "ताई, आज फक्त टाकी न्या. पाणी भरा, फिल्टर चालू ठेवा, महिन्यानं या. तेव्हा तीन-चार काटक मासे देतो. ऑस्कर तर घेऊच नका." असं म्हटलं की काय होतं? मुलगी रडते. वडिलांना वाटतं, हा विकायलाच तयार नाही, काहीतरी गडबड आहे. समोरच्या गल्लीत दुसरं दुकान आहे. तो आठही मासे पिशवीत घालतो, वर निळ्या औषधाची बाटली देतो. "काही झालं तर चार थेंब टाका." पंधरा दिवसांनी मासे मेले की मंडळी परत येतात. म्हणतात, तुमचे मासे रोगट होते. तो म्हणतो, आमच्याकडे तर ठणठणीत होते. आणि दोघंही खरं बोलत असतात. आणखी आठ मासे, आणखी एक बाटली.

आता कांट. १७८५ साली कांटनं नीतिशास्त्रावर एक छोटं पुस्तक लिहिलं. वर्गात ते शिकवताना मुलं पेंगायची, पण त्यात एक दुकानदार येतो, तिथे जागी व्हायची. हा दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही. सगळ्यांना एकच भाव. एखादं लहान मूल आलं तरी त्याला तोच. कांट म्हणतो, लोकांना प्रामाणिक वागणूक मिळाली हे खरं. पण एवढ्यावरून तो कर्तव्यबुद्धीनं वागला असं म्हणता येणार नाही. जिथे उलाढाल मोठी आहे तिथे असं वागणं त्याच्या फायद्याचंच असतं.

चाळीस वर्षं मी हा दाखला शिकवला आणि त्यातलं एक गृहीतक मला कधी खटकलं नाही. कांटच्या दुकानात प्रामाणिकपणा आणि फायदा एकाच दिशेला चालतात. त्याला अडचण एवढीच की मग हेतू कुठला हे ओळखायचं कसं. किराण्यात हे बऱ्याच अंशी खरं आहे. वाण्यानं वजनात मारलं तर आपल्याला आज ना उद्या कळतं, आणि आपण दुसरीकडे जातो. प्रामाणिक वाण्याकडे आपण तीस वर्षं जात राहतो आणि दर महिन्याला तेवढंच सामान भरतो. माशांच्या दुकानात या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

एक तर, फसवणूक कळत नाही. मासा मरतो पंधरा दिवसांनी आणि घरच्या पाण्यात. दोष कुणाचा, हे ठरवायला जे ज्ञान लागतं ते फक्त दुकानदाराकडे आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफनं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हे लिहिलं होतं. विकणाऱ्याला माल खराब आहे हे ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा मग सगळ्यांनाच कमी भाव देतो, आणि चांगला माल आणणारा बाजारातून उठतो. पुढे याच विषयावरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं. आमच्या दुकानदाराचं असंच झालं. नवे आलेले मासे ते दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवत, कुणी मागितले तरी देत नसत. ती टाकी तेवढे दिवस अडून राहायची. मग त्यांचा निऑन समोरच्यापेक्षा दहा रुपयांनी महाग पडायचा. दोन पिशव्यांतले दोन निऑन शेजारी धरले तर तुम्हाला-मला फरक सांगता येईल का? मला चौदा वर्षांनंतरही येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ज्याला सल्ला चांगला लागू पडला, ते गिऱ्हाईक पुढे काही विकतच घेत नाही. माझंच पाहा. पहिल्या वर्षी मी दर पंधरवड्याला दुकानात होतो. मासे मरत होते, मी नवे घेत होतो, औषधं घेत होतो. मग त्यांनी मला शिकवलं. नंतरच्या वर्षांत माझी खरेदी म्हणजे चार महिन्यांतून खाद्याचा एक डबा. माझी टाकी जितकी सुधारली, तितका मी त्यांच्या गल्ल्यातून नाहीसा झालो. वैद्यानं रोगी बरा केला की वैद्याची फी थांबते, हे जुनंच आहे. पण वैद्याला गावात नवे रोगी मिळत राहतात आणि बरा झालेला त्याची कीर्ती गातो. इथे ज्यांचे मासे मरतात ते दोन-तीनदा प्रयत्न करतात आणि टाकी गच्चीवर नेऊन त्यात तुळस लावतात. ते या छंदातूनच उठतात. म्हणजे समोरच्या गल्लीतलं ते दुकानही टिकत नाही. तेही मिटलं, आमच्या आधी दोन वर्षं.

हे आजचंच आहे असंही नाही. इंग्लंडात १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकानं अ‍ॅक्वेरियमवर पुस्तक लिहिलं आणि घरोघर काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. दहा-पंधरा वर्षांत ते ओसरलं. पाण्यातली ती जिवाणूंची वस्ती तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. गॉसच्या मुलानं, एडमंडनं, पुढे लिहून ठेवलं आहे की या वेडापायी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून निघाली. आपल्याकडे मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. माझ्या पिढीतल्या किती जणांना ही हौस तिथल्या काचेपाशी लागली! पुढे लाटा येत राहिल्या. २००३ साली त्या हरवलेल्या माशाचा कार्टून सिनेमा आला आणि जो तो समुद्रातला नारिंगी पट्ट्यांचा मासा मागायला लागला, गोड्या पाण्याच्या टाकीसाठी. मग कपाळावर गोळा असलेला फ्लॉवरहॉर्न. मग वास्तू आणि फेंगशुईवाल्यांचा अरोवाना, जो घरावरचं संकट आपल्या अंगावर घेऊन मरतो म्हणे. दुकानदारासाठी केवढी सोय, मासा मेला तरी गिऱ्हाईक त्याचे आभार मानणार! लाटेवर उघडलेलं दुकान लाट ओसरली की कोरडं पडतं.

सरकारनंही एकदा लक्ष घातलं होतं. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रानं अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांसाठी नियम काढले. नोंदणी हवी, गोल भांड्यात मासे ठेवायचे नाहीत, अमुक जाती विकायच्या नाहीत. धंद्यातून ओरड झाली, आणि ते मागे घेतले गेले. त्या छोट्या गोल भांड्यात मासा कोंडणं क्रूर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मला वाटतं, नियम करणाऱ्यांनी दुकानदाराकडे फक्त आरोपी म्हणून पाहिलं. त्या गल्लीत अमोनिया म्हणजे काय हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस असतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कुणी म्हणेल, बंद पडलं तर पडलं. एक हौस, तिचं दुकान. रडायचं काय त्यात? मलाही आधी तसंच वाटलं. मग माझ्याकडचा सकर मोठा झाला. आणताना बोटाएवढा होता, आता हातभर. पूर्वी असा वाढलेला मासा दुकानात परत नेता यायचा. ते पैसे देत नसत, पण ठेवून घेत, त्यांच्याकडे एक मोठी टाकी त्यासाठीच होती. आता कुणाला देऊ? माझ्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, "खाडीत नाहीतर तलावात सोडून द्या, पुण्य लागेल." असं पुण्य लोकांनी आधीच भरपूर केलं आहे. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज भारतात ठिकठिकाणी नद्या-तलावांत पसरला आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेशेती चालते, तिथे त्यानं मच्छीमारांच्या नाकी नऊ आणलेत. खवल्यांऐवजी अंगावर हाडांचं चिलखत, त्यामुळे जाळी फाटतात, आणि खायला कुणी घेत नाही. दुकानातली ती परतीची टाकी तलावाचं राखण करत होती. तिच्यावर भाव लिहिलेला नव्हता, म्हणून ती कुणाच्या हिशेबात आली नाही.

माझा सकर अजून माझ्याकडेच आहे. असू दे.

जी थोडी दुकानं टिकलीत, ती कशी टिकली ते सांगतो आणि थांबतो. त्यांनी मासे विकणं दुय्यम केलं आणि टाक्यांची देखभाल करायला घेतली. दवाखाने, हॉटेलं, कचेऱ्या, बिल्डरांची स्वागतकक्षं इथे मोठ्या टाक्या असतात. महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची, आठवड्याला जाऊन पाणी बदलायचं, मासा मेला तर आपल्या खर्चानं भरून द्यायचा. गंमत पाहा, इथे कांटचा दुकानदार पुन्हा भेटतो. मासा जगला तरच याचा फायदा, म्हणून प्रामाणिकपणा आणि नफा परत एका दिशेला चालू लागतात. आणि सल्ल्याचे पैसेही मिळतात, कारण सल्ला आता हाताच्या कामात मिसळला आहे, तो चिठ्ठीवर लिहून नेता येत नाही.

आमचे दुकानदारही आता हेच करतात. स्कूटरला मागे बादली, हँडलला नळीचं वेटोळं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे येतात. माझी टाकी मला स्वतःला सांभाळता येते, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही, त्यामुळे पहिल्या खेपेला पैसे घ्यायला ते कां-कूं करत होते. मी म्हटलं, चौदा वर्षांची थकबाकी आहे. ते हसले. पैसे ठेवले खिशात.

मागच्या शनिवारी मी विचारलं, दुकानापेक्षा हे बरं चाललंय ना? म्हणाले, "पैशाचं बरं आहे, सर. महिन्याला किती येणार ते आधी कळतं." मग नळीनं तळ ओढता ओढता म्हणाले, "पण दवाखान्यात टाकीकडे कोणी बघत नाही हो. सगळे नंबराकडे बघतात. दुकानात पोरं काचेला नाक लावायची. रोज संध्याकाळी काच पुसायला लागायची."

वेळ झाली आहे, घंटा मला ऐकू आली. मागे कुणीतरी हात वर केलाय बराच वेळ. बोला.